पोरं तोलायला आलेल्या बाई

जामखेडकडच्या त्या वाडीत आम्ही दवाखान्याच्या मोटारीने गेलो आणि लिंबाच्या फांदीला काटा टांगला. खाली कापडी झोळी. झोळीत मूल ठेवायचं आणि काट्यावर वजन वाचायचं. वयाच्या मानाने फारच हलकं असेल तर नगरच्या दवाखान्यात न्यायचं. काम एवढंच.

काटा मिस हार्पर यांचा. त्या आणि नर्स एस्तेर आफ्रिकेत, टांगानिकात, मुलांची शाळा आणि दवाखाना चालवत. इकडे आल्या आणि युद्धामुळे परतीची बोट मिळेना, रिकामं बसवेना, म्हणून आमच्याबरोबर हिंडत होत्या. मी त्यांची दुभाषी.

“आम्ही कोण ते सांग,” मिस म्हणाल्या.

या दोघी आफ्रिकेहून आल्यात, असं मी सांगितलं. बायका पोरं काखोटीला मारून मागे सरकल्या. चार-पाच पुरुष येऊन आमच्या आणि मोटारीच्या मधे उभे राहिले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

पुढे राहिली एकटी गंगूबाई. तिचं मूल खांद्यावर मान टाकून पडलेलं. एस्तेरने हात पुढे केला तसं तिने ते पदराखाली घेतलं.

“माज्या धन्यालाबी असंच तोललं हुतं,” ती मला म्हणाली. “छाती मोजली, बोटीत घातलं अन् धाडलं आफ्रिकेला लढाया. अजून खबर न्हाई. आता पोरं तोलाया आलाय व्हय?”

मी मिसना सगळं सांगितलं, कुऱ्हाडीसकट. दोघी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मग मिसनी काटा उतरवून पेटीत ठेवला.

“वाण्याकडे पोती तोलायचा तराजू असेल. मूल आईच्या कडेवरच राहू दे. आधी दोघांचं वजन, मग आईचं एकटीचं. वजाबाकी आपण करू.”

मी सांगितलं. गंगूबाईने मला विचारलं,

“बायांना पल्टनीत घेत न्हाईत ना?”

“नाही.”

“घेत असतील तर माज्या सासूला आदी न्या,” मागून तिची जाऊ म्हणाली. बायका हसल्या. कुऱ्हाडवाला हसला नाही, पण बाजूला झाला.

वाण्याच्या तराजूवर मूल पाच शेरांचं निघालं. वर्षाच्या मुलाला हे फारच कमी. गंगूबाई त्याला मांडीवर घेऊन मोटारीत बसली. गाव मागे पडेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

ते मूल वाचलं. बाकी एकाही आईने त्या दिवशी पोर तोलू दिलं नाही.

आता नव्या वाडीत गेले की आपण कुठून आलो ते मी लगेच सांगत नाही. तिथलं कोण कुठे गेलंय, ते आधी विचारते.