युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरचं खेकड्याचं सूप

अहिल्या तांडेल मूळची रेवदंड्याची. अमेरिकेत ईडन प्रेरीला एका विमा कंपनीत ती सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. पण तिथल्या मराठी घरांत तिचं नाव होतं ते खेकड्याच्या कालवणासाठी. कोविड झाला आणि तिला वास येईनासा झाला. त्याबरोबर चवही गेली. महिनाभरात परत येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन वर्षं झाली तरी आली नाही. मीठ किती ते नवरा, नकुल, चाखून सांगायचा. हळूहळू तिने स्वयंपाकघर त्याच्याच हवाली केलं. जेवायची वेळ झाली म्हणून जेवायचं, एवढंच उरलं.

ऑफिसातली लिन व्हिएतनामी. शेजारी बसून डबा खाताना हे तिच्या लक्षात आलं. "तू खेकडेवाली ना? मग आमचं बुन रियू, खेकड्याचं सूप, खायला चल," ती म्हणाली. "जवळच सेंट पॉलला मिळतं. पण चांगलं कुठे मिळतं, ते मलाही शोधावं लागेल."

शनिवारी दोघी निघाल्या. पहिल्या हॉटेलात वाडगा मोठा, पण अहिल्येला ते गरम पाणीच वाटलं. लिनने एक चमचा घेतला नि खाली ठेवला. "इथे डब्यातला खेकडा घालतात." पुढच्या शनिवारी दुसरीकडे गेल्या. तिथे टोमॅटोचा आंबटपणा जिभेच्या कडेला जाणवला, बाकी काही नाही.

तिसरं हॉटेल युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर, एका किराणा दुकानाच्या मागच्या अंगाला. सूप फक्त शनिवार-रविवारी. आतली बाई कवचासकट खेकडे कुटून, गाळून, तो रस उकळत ठेवायची. वर मऊ थर तरंगायचा. अहिल्येची आई खेकड्याचे बारीक पाय असेच पाट्यावर वाटायची. सुपाबरोबर एका वाटीत जांभळट चटणी आली.

लिनने ती बाजूला सरकवली. "कोळंबीची आहे, आंबवलेली. वास फार उग्र."

"बघू तरी."

अहिल्येने वाटी नाकाशी नेली. क्षणभर काहीच नाही. मग आत कुठेतरी खोल, अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास आला. तिने वाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"लिन, येतोय."

अहिल्येने चटणी सुपात कालवली आणि सगळा वाडगा संपवला. गाडीत बसल्यावर मात्र तिला रडू आलं.

सगळं काही परत आलं नाही. कॉफी अजून करपल्यासारखी लागते, फुलांचा वास येतच नाही. पण पुढच्या वर्षभरात लसूण आला, कोथिंबीर आली, आणि तिने कालवण पुन्हा करायला घेतलं. मीठ अजून नकुलच बघतो. मराठी मंडळात कुणी नवीन आलं आणि व्हिएतनामी जेवण कुठे मिळतं असं विचारलं, की अहिल्या तिसऱ्या हॉटेलचा पत्ता देते. पहिल्या दोन हॉटेलांबद्दल विचारलं तर म्हणते, "ती वाईट नसतील. मला तेव्हा कळतच नव्हतं."