झाकलेला संगणक

आज खंडेनवमी. माझ्या वर्गातल्या संगणकावर लेकरांनी झेंडू वाहिला आणि त्या उग्र वासानं मला सेनगावच्या शाळेत नेलं.

तेव्हा मी सातवीत होते. शाळेत पहिलाच संगणक आला होता. चपला बाहेर काढून आम्ही त्याच्यासमोर बसायचो आणि त्याच्या भागांची नावं मोठ्यानं पाठ म्हणायचो. हात लावायला बंदी. मला तर हातात घेतल्याशिवाय काही कळायचंच नाही, म्हणून मी ‘ढ’ ठरले.

त्या खंडेनवमीला सरांनी संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि पुन्हा त्यावर कापड ओढलं. मी उभी राहिले.

“सर, आमच्या तांड्यात पूजा झाली की पाभर पेरणीला निघते. ह्याला काहून झाकून ठेवून राहिले तुमी?”

“बिघडलं तर? बस खाली!”

मी बसले नाही. पुढे गेले, कापड ओढून काढलं आणि बटण दाबलं. पडदा उजळला. पाठीत धपाटा बसला, तरी बोट काही मी काढलं नाही.

आता मीच शिक्षिका आहे. माझ्या कीबोर्डवरची अक्षरं पोरांच्या बोटांनी पार पुसून गेलीत. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “बाई, ह्याचं कव्हर कुठंय?”

मी म्हटलं, “फळा पुसायला घेतलंय.”