शेवंताचा फॉर्म

“पुण्याचं कॉलेज नको. तिथं हिचा चान्स नाही,” मी म्हणालो आणि पुण्याचा कोरा फॉर्म उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

टेबलापलीकडे पणदऱ्याचे तात्या कोकरे बसले होते. शेजारी त्यांची मुलगी शेवंता उभी. तात्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरले. तात्यांनी मात्र पाटाच्या पाण्यावर वांगी, गवार, मिरची करायला घेतली होती. गावच्या बागायतदारांनी मिळून माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, सोसायटी काढायचं त्यांच्या मनात होतं.

“सेक्रेटरी भायेरून आणायचा, तर त्यो आमचं कवा ऐकंल?” ते म्हणाले. “म्हणून म्हणलं, हिलाच शिकवावं. कामर्सच म्हणत्यात ना त्याला?”

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी बारामतीच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. एस.एस.सी. तेव्हा अकरावीला असे. निकाल लागला की मुलांना कॉलेजं सुचवायची, फॉर्म भरून द्यायचे, हे काम हेडमास्तरांनी माझ्याकडे दिलं होतं. आता मुलं बिझनेस स्कूल म्हणतात. आमच्याकडे धंद्याचं शिक्षण म्हणजे कॉमर्स. अर्जाला मार्कलिस्ट आणि हेडमास्तरांचं सर्टिफिकेट लागे. मग कॉलेजचे प्रिन्सिपॉल समोर बसवून चार प्रश्न विचारत. त्याला इंटरव्ह्यू म्हणायचं.

माझी एक रीत होती. प्रत्येकाला तीन कॉलेजं सुचवायची. एक आवाक्याच्या थोडं वरचं, एक आवाक्यातलं आणि एक हमखास. शेवंताला मी फक्त हमखासचं दिलं. लांबच्या जिल्ह्यातलं, नव्यानं निघालेलं, कुणालाही घेणारं.

तिला फर्स्ट क्लास होता. माझ्या विषयात ती वर्गात पहिली होती.

“पुण्यात इंटरव्ह्यू इंग्रजीतून असतो,” मी तात्यांना सांगितलं. “आणि मुलींच्या राहण्याची सोय नाही.”

“इचारलंय तुमी?”

“विचारलंय.”

मी विचारलं नव्हतं. मुलगी ‘हाय’, ‘न्हाय’ बोलते, हे मात्र मी ऐकलं होतं. तेवढ्यावर मी तिचा चान्स काढला होता. शिवाय आमच्या शाळेनं पाठवलेला एकही अर्ज नाकारला गेला नव्हता. हेडमास्तर ही गोष्ट प्रत्येक पालकाला सांगत. ती खोटी ठरू नये, हेही माझ्या डोक्यात होतं.

तात्यांनी मुलीकडे पाहिलं.

“एवढ्या लांब, वळखीचं कुनी नसताना पोरीला धाडनं जमायचं न्हाय,” ते म्हणाले. “पुनं असतं तर माझी बहीन हाय भवानी पेठंत. पण तुमी म्हणताय तर न्हाय. ऱ्हाऊ द्या.”

हमखासचा फॉर्मही न घेता दोघं निघून गेली.

दोन-तीन आठवड्यांनी इंदापूरच्या एका वकिलांच्या मुलाबरोबर मी त्याच पुण्याच्या कॉलेजात गेलो. वकीलसाहेब शाळेच्या कमिटीवर होते. मुलगा सेकंड क्लास होता. त्याच्यासाठी तिन्ही फॉर्म मी स्वतः भरले होते. दौंडला गाडी बदलून आम्ही पोचलो. दहा मिनिटांत तो हसत बाहेर आला.

“काय विचारलं?”

“गाव कुठलं, वडील काय करतात, कॉमर्सच का. सगळं मराठीतूनच, सर.”

मी ऑफिसात गेलो. तिथल्या हेडक्लार्कना सहज विचारल्यासारखं विचारलं, “मुलींना घेता का?”

“घेतो की, पण येतात कुठं?” ते म्हणाले. “शेजारी मुलींचं वसतिगृह आहे. खाटा रिकाम्या आहेत. तुमच्याकडची आहे का कुणी? लास्ट डेट गेली, पण हेडमास्तरांचं पत्र असेल तर शनिवारपर्यंत घेतो.”

तो बुधवार होता.

गुरुवारी मी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते रागावतील अशी मला आशा होती. म्हणजे माझ्या मनावरचं ओझं थोडं हलकं झालं असतं.

“पत्र लिहून आणा, मी सही करतो,” ते म्हणाले. “उशिराचं कारण काय लिहायचं, ते तुम्हीच ठरवा.”

पत्र झालं. कारण म्हणून ‘गैरसमजामुळे’ असं लिहिलं. कुणाचा गैरसमज, ते लिहिलं नाही. सही घेऊन शुक्रवारी सकाळी सायकलवर पणदऱ्याला निघालो. माळेगावच्या पुढं एका बाभळीखाली उतरलो. तात्यांना काय सांगायचं? तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो, हे? मी वाक्य जुळवत बसलो. नीट जुळेना. मग मनात आलं की एका दिवसात ही माणसं पुण्याला कशी जाणार. मग आलं की एवढ्यात त्यांचं दुसरं काही ठरलंही असेल. अशी दोन-चार कारणं झाल्यावर मी सायकल वळवली. शनिवार गेला.

ते वर्ष शेवंतानं वांग्याच्या मळ्यात काढलं.

पुढच्या जूनमध्ये ती एकटी शाळेत आली. चारित्र्याचा दाखला हवा होता. हातात पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म होता, स्वतःच भरलेला. मी तो वाचला. एकही खाडाखोड नव्हती.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाय, सर. कालेजला कार्ड टाकलं व्हतं. वसतिगृह हाय का, म्हणून. आठ दिसात उत्तर आलं.”

“कधी?”

“गेल्या साली. पण मी कार्डच उशिरा टाकलं. तवर तुमी म्हणलेलं खरं धरून बसले.”

मी दाखल्यावर शिक्का मारला. मग म्हणालो, “गेल्या वर्षी शनिवारपर्यंत मुदत होती. मला माहीत होतं. पत्रही तयार होतं. मी आलो नाही.”

तिनं दाखल्याची घडी करून फॉर्ममध्ये ठेवली.

“तात्यास्नी सांगू नगा,” ती म्हणाली. “त्यांचा तुमच्यावर लई इस्वास हाय. धाकट्याला बी तुमच्याच शाळंत घालायचं म्हणत्यात.”

मी मान डोलावली. तात्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिनंच नको म्हटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ती सुटका मला हवीच होती.

तिला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला. चार वर्षांनी ती बी.कॉम. झाली. सोसायटी निघाली, आणि सेक्रेटरी गावातलीच मिळाली. कधी बाजारात भेटली तर ती आधी नमस्कार करायची. मला दरवेळी तिच्या त्या वाया गेलेल्या वर्षाचा हिशेब आठवायचा.

मी पुढं रिटायर होईपर्यंत फॉर्म भरून दिले. चान्स सांगण्याआधी कॉलेजला पत्र टाकायचो आणि आलेलं उत्तर पालकांच्या हातात द्यायचो. ‘जमणार नाही’ हे कळवायचं तर कॉलेजनं कळवावं. ते काम मास्तराचं नाही.