दोन चाकांमधली जागा

आमच्या आवारात बसच्या बॉड्या बनायच्या. एका शेडमध्ये लोखंडी सांगाडा उभा राहायचा, दुसऱ्यात पत्रा चढायचा, तिसऱ्यात आम्ही रंग मारायचो आणि अगदी टोकाच्या शेडमध्ये गादीवाल्या काकू सीट शिवायच्या. सव्वीस वर्षं. त्यांच्या शेडमध्ये दोन दणकट मशिनी, भिंतीला टेकवलेले फोमचे ठोकळे, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा डोकं धरणारा वास. काकूंना तो वास येईनासा झाला होता.

त्यांचा एक नेम होता. तयार झालेल्या प्रत्येक सीटवर त्या स्वतः बसून बघायच्या. नुसतं टेकून नाही, तर पाठ लावून, पाय सोडून, मिनिटभर डोळे मिटून. मुकादम गमतीनं म्हणायचा की काकू बसण्याचेही पैसे घेतात. काकू शांतपणे सांगायच्या, की लोक यात सहा-सहा तास काढणार, मला एक मिनिट काढायला काय झालं. आणि बसून उठल्या की दहातली एखादी सीट उसवायला घ्यायच्याच.

त्यांच्या घरी मात्र असा माणूस होता, की ज्याला कुठल्याच सीटवर बसता येत नव्हतं. काका एकतीस वर्षं घाटात ट्रक चालवत होते. बोलणं मोजकं आणि चालवणं त्याहून मोजकं. उगाच हॉर्न नाही, उगाच ब्रेक नाही. पण रस्त्यानं आपला हिशेब त्यांच्या मणक्यावर काढला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर काठी घेऊन घरातल्या घरात फिरता यायचं, आडवं पडलं की बरं वाटायचं. पण सरळ बसले की वीस मिनिटांत डावा पाय बधिर व्हायचा आणि कमरेतून कळ वर चढायची. तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत खिडकीशी पलंग होता. त्यावर पडून ते रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. हिचा क्लच गेलाय, ही रिकामी परत चाललीय, असं स्वतःशीच पुटपुटायचे. चार वर्षं हॉस्पिटल सोडून दुसरीकडे कुठे गेले नव्हते.

त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरांच्या पलीकडे राहायची. गाडीनं आठ तासांची वाट. तिला मुलगी झाली ती दिवस भरायच्या आधी, मूठभर. डॉक्टरांनी बजावलं, की वर्ष-दीड वर्ष बाळाला प्रवास नको. म्हणजे नातीला आजोबांकडे आणता येईना आणि आजोबांना नातीकडे जाता येईना. फोनच्या पडद्यावर बाळ दिसायचं. काका बघायचे, हसायचे, आणि हात भरून आला म्हणून फोन काकूंकडे द्यायचे. हात भरून आलेला नसायचा, हे काकूंना कळायचं.

एकदा त्यांनी भाड्याची गाडी करून जायचा प्रयत्न केला. पुढची सीट मागे पाडली, उशा लावल्या. घाटाच्या दुसऱ्या वळणावर काका पांढरेफटक पडले. गाडी थांबवून त्यांना रस्त्याकडेच्या गवतावर आडवं करावं लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी ओळखलं, चौकशी केली, पाणी दिलं. काकांना ते दुखण्यापेक्षा जास्त लागलं. ज्या घाटात त्यांना सगळे मान देत होते, तिथे ते गवतावर पडले होते. तिथूनच परतले. कुणीतरी अॅम्ब्युलन्स सुचवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लेकीच्या दारात मी अॅम्ब्युलन्समधून उतरणार नाही."

पुढे सहा महिन्यांनी काकूंनी शेडवरचा आपला हक्क सोडला, मशिनी विकायला काढल्या आणि मला म्हणाल्या, "मला एक मोटरहोम बघायचंय. आत पलंग असतो, संडास असतो, तसलं. तू रंगातला माणूस आहेस, चल माझ्याबरोबर."

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी सगळा विचार केला होता. तासभर जायचं, मग थांबायचं, काकांना पलंगावर पसरू द्यायचं, पुन्हा निघायचं. आठ तासांचे बारा झाले तरी चालतील. चालवणार कोण, तर त्या स्वतः. तयार सीट पोचवायला कारखान्याची मोठी व्हॅन त्याच चालवत असत, त्यामुळे तेवढ्या अंगाची गाडी त्यांना नवी नव्हती.

काकांनी पहिल्या दिवसापासून एकच अट घातली, गाडी डिझेलचीच हवी. चढावर इंजिन फिरवून फिरवून ओरडायला लावावं लागत नाही, हळू चालीतही ओढ राहते. आणि वर थंडीत गाडी गरम ठेवायचा हीटरही त्याच टाकीतून चालतो, वेगळी सोय बघायला नको. ते पडल्या पडल्या सांगत आणि काकू ऐकून घेत. बाहेरचं आणि इंजिनाचं काकांनी सांगायचं, आतलं काकूंनी बघायचं, अशी वाटणी झाली.

पहिली गाडी आम्ही एका मोठ्या शोरूममध्ये बघितली. काय गाडी होती! पांढऱ्या चामड्याचा सोफा, भिंतीत टीव्ही, छताला निळे दिवे, आणि मागच्या टोकाला राजाराणीचा म्हणावा असा पलंग, दोन्ही बाजूंनी चढता येईल असा. टाय लावलेला विक्रेता एकेक बटण दाबून दाखवत होता. मी तर तोंड उघडं टाकून बघत राहिलो. काकूंनी आधी बाहेरूनच बॉनेटवर तळहात ठेवला होता. ते गरम होतं. काकांनी बजावून ठेवलं होतं, की इंजिन गार असताना चालू करून ऐकायचं. कुणी आधी तापवून ठेवलं असेल तर समजायचं की गार असताना ते काहीतरी बोलतं.

 मग काकू आत येऊन सोफ्यावर बसल्या, पाठ लावली, डोळे मिटले. विक्रेत्याला वाटलं बाई खूश झाल्या. मिनिटभरानं त्या उठल्या, त्यांनी कोपऱ्यातली गादी उचलून उलटी केली आणि खालच्या लाकडात चामडं ठोकलेल्या पिनांवर बोट ठेवलं.

"या पिना गंजल्यात," त्या म्हणाल्या. "वरून पाणी येतंय."

विक्रेता म्हणाला, कधीतरी खिडकी उघडी राहिली असेल. काकूंनी अंगठ्यानं भिंतीचा पट्टा दाबला तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला. मीही मागे जाऊन बघून आलो. मागचा कोपरा नव्यानं रंगवलेला होता, आणि चांगला रंगवलेला होता, पण छटा जराशी चुकली होती. घासलेला कोपरा होता तो.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले की पाणी गळत नसतं तरी ती गाडी आपल्या कामाची नव्हती. त्यांनी उशीवर बोटानं रेघ काढली, त्यावर दोन टिंबं दिली. ही पुढची चाकं, ही मागची. मागच्या चाकांच्या पाठीमागे जेवढी गाडी लोंबते तेवढी ती वळणावर बाहेर फेकली जाते आणि खड्ड्यात उसळते. कोपरा त्यानंच घासला. आणि पलंग नेमका तिथेच. "गाडीत बरं बसायचं असेल तर दोन चाकांच्या मधे. एकतीस वर्षं नाजूक माल मी तिथेच ठेवत आलो," ते म्हणाले. जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "आता मीच नाजूक माल." खूप दिवसांनी त्यांनी थट्टा केली होती. काकू तोंड फिरवून हसल्या.

त्यानंतर शोध सोपाही झाला आणि अवघडही. सोपा अशासाठी, की काय हवं ते कळलं होतं. अवघड अशासाठी, की ऐषारामाच्या बहुतेक गाड्यांत पलंग मागेच असतो. दोन महिन्यांत आम्ही नऊ गाड्या बघितल्या. एकीचं शेपूट लांब, एकीचा हीटर बंद, एकीत स्वयंपाकाचा ओटा एवढा मोठा की माणसाला पाय ठेवायला जागा नाही. काकू दमल्या. एकदा परतताना म्हणाल्या, की मशिनी विकायची घाई केली का मी? 

दहावी गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, कव्हर घालून ठेवलेली. त्यांनी हौसेनं घेतली, तीनदा फिरवली आणि मग त्यांच्या बायकोनं सांगून टाकलं की सुट्टीतही मी भांडी घासायची असतील तर मी घरीच बरी. गाडी दिसायला साधी, बुटकी, सहा मीटरची. पण न्हाणीघर मागच्या टोकाला, आणि पलंग व बसायची जागा दोन्ही मधे. पट्टे असलेली मजबूत सीट नेमकी चाकांच्या मधोमध, खाली फ्रेमला बोल्टनं आवळलेली. भिंती जाड, खिडक्या दुहेरी काचेच्या. काकूंनी कपाटात हात घातले, कोपरे दाबले, गाद्या उलट्या केल्या. पिना चकचकीत होत्या.

बॉनेट गार होतं. काकूंनी काकांना फोन लावला आणि डॉक्टरांना चावी फिरवायला सांगितली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. फोन बॉनेटजवळ धरून आम्ही दोघं उभे.  काका म्हणाले, बंद करून पुन्हा चालू करा. पुन्हा चालू केलं. एक बारीक चिरका आवाज येत होता, तो मलाही ऐकू आला आणि माझा चेहरा पडला.

"तो फॅनच्या पट्ट्याचा आवाज आहे, किरकोळ," फोनमधून काका म्हणाले. "बाकी इंजिन गात नाहीये, ओरडत नाहीये, गप आपलं काम करतंय. गादी कशी आहे?"

"गादी वाईट आहे," काकू म्हणाल्या. "पण गादी माझ्याकडे लागली."

त्यांनी व्यवहार लगेच केला नाही. डॉक्टरांना विनंती केली, की आठवड्यानं आम्हाला घाटाची पहिली चार वळणं चढून बघू द्या. डॉक्टर भले गृहस्थ, स्वतः बरोबर येतो म्हणाले. त्या आठवड्यात काकूंनी शेवटचं काम शिवलं. विकलेलं मशीन न्यायला गिऱ्हाईक आलं होतं, त्याला दोन दिवस थांबवून ठेवलं. काकांना घरी कुशीवर निजवून त्यांच्या पाठीचा बाक कागदावर उतरवून घेतला. कमरेशी घट्ट फोम, वर त्याहून मऊ, मांडीखाली अजून मऊ, आणि डाव्या पायाखाली वेगळी उतरती पट्टी. चार वेळा उसवलं. पाचव्या वेळी त्यावर स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, मला यावर अजिबात नीट बसवत नाही, म्हणजे त्यांना जमेल.

ती गादी त्या सीटवर बांधली, पाठ मागे कलती केली, काकांना बसवून पट्टा लावला. काकू चालवायला, डॉक्टर त्यांच्या शेजारी, मी काकांच्या समोर. शहरातला रस्ता बरा गेला. घाट सुरू झाला तसे काकूंचे खांदे कानापर्यंत वर गेले. पहिलं वळण झालं. दुसरं आलं. काकांनी डोळे मिटले. काकूंना ते आरशात दिसलं आणि त्यांनी गाडी हळू करत कडेला घेतली. मागे वळून बघायचा त्यांना धीर होईना.

"दुखतंय का हो?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"नाही," काका डोळे न उघडता म्हणाले. "इंजिन ऐकतोय. तू तिसऱ्या गिअरवर चढवतेस, दुसऱ्यावर घे. आणि थांबू नकोस."

काकूंनी दुसरा गिअर टाकला. चार वळणांचं ठरलं होतं, आम्ही अकरा चढलो. वर एका सपाट जागी थांबलो तेव्हा पंचावन्न मिनिटं झाली होती. काका पट्टा सोडून, चार पावलं टाकून पलंगावर आडवे झाले. हीटरची बारीक घरघर चालली होती. पंधरा मिनिटांनी ते उठून बसले आणि म्हणाले, पाय जागेवर आहे. काकू पायरीवर बसल्या होत्या. दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या रडल्या, मोकळ्यानं, पोटभर. डॉक्टर बिचारे लांब जाऊन डोंगर बघत राहिले. परत आल्यावर त्यांनी चावी पायरीवर काकूंच्या शेजारी ठेवली. कागदपत्रं पुढे सावकाश झाली.

पुढच्या महिन्यात ते दोघंच निघाले. मुलीला सांगितलं होतं की दोन दिवस लागतील. काकूंनी मला नंतर सांगितलं, की वरच्या खिंडीत जुने ओळखीचे ट्रकवाले चहाला थांबले होते. काका काठी घेऊन स्वतः खाली उतरले आणि त्यांच्यात जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं सगळे रस्त्याबद्दल, टायरांबद्दल बोलले. दुखण्याबद्दल कुणी विचारलं नाही. काकू गाडीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, एवढ्यासाठीसुद्धा ही गाडी घेतली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुलीच्या घरापाशी पोचले. तिचं घर उतारावर होतं, त्यामुळे गाडी सपाट उभी करायला चाकांखाली फळ्या सरकवाव्या लागल्या. काका आतून सूचना देत होते आणि जावई वाकून त्या पाळत होता. मुलगी बाळाला घेऊन बाहेर धावत आली, पण गाडीपासून चार पावलांवर थबकली. काकांनी तिला हातानं थांबवलं होतं. ते गाडीचं दार धरून एकेक पायरी उतरले, उभे राहिले, श्वास घेतला आणि मग हात पुढे केले.

बाळाला खाली उभं राहून फार वेळ धरवेना, म्हणून त्यांनी नातीला आत नेलं, आपल्या सीटवर कलते होऊन छातीवर घेतलं. बाळानं आधी संशयानं त्यांच्या मिशांकडे पाहिलं, मग त्या ओढल्या. मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. आई कुठे म्हणून तिनं घरात जाऊन पाहिलं, तर काकू चपलाही न काढता मुलीच्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या, आणि बारीक घोरत होत्या, हाक मारली तरी जाग्या होत नव्हत्या. त्यांच्या अंगावर पांघरूण घालून मुलीनं दार हळूच ओढून घेतलं.