चार दिवसांत मरणारी बॅटरी

पाथर्डीतल्या घरासमोर आमची गाडी आठवडाभर कव्हरखाली असायची, कारण नोकरीला मी एसटीने जायचो. शनिवारी किल्ली फिरवली की नुसती टकटक. मंगळवारी बॅटरी बदलली, तरी शनिवारी तेच. नवीकोरी बॅटरी चार दिवसांत मरतेच कशी? दुकानदाराशी भांडलो, दार नीट लावत नाही म्हणून घरातल्या सगळ्यांवर खेकसलो. आतले दिवे तपासले, तर सगळे बंद.

शेवटी मेकॅनिकला घरी बोलावलं. त्याने बॅटरी चार्ज करून बसवली, किल्ली काढली आणि मीटर लावला.

"गाडी बंद हाय, पन करंट जातोय," तो म्हणाला.

एकेक फ्यूज काढून पाहिला, तरी जातच होता. माझं डोकंच चालेना. मग त्याने डॅशबोर्डवरच्या गणपतीवर हाताची सावली धरली. मूर्तीमागचा छोटा बल्ब पेटलेला होता आणि त्याची वायर थेट बॅटरीला गेली होती. मी शनिवारी बघायचो तेव्हा बॅटरीच मेलेली, मग तो पेटलेला दिसणार कसा?

"ही कुणी जोडली?" मी ओरडलो.

"मी घेतली जोडून," ओट्यावरून आई म्हणाली. "किल्ली काढली की देव अंधारात बसायचा."

"काढ रे ती वायर," मी मेकॅनिकला म्हणालो.

त्याने आईकडे पाहिलं आणि पक्कड माझ्या हातात दिली. "तुमीच काढा. न्हाईतर गाडी रोज फिरवा, म्हंजी बॅटरी भरत ऱ्हाईल."

आता मी रोज संध्याकाळी गाडी तिसगावपर्यंत नेऊन आणतो. तिथे माझं काहीही काम नसतं.