अव्वांची वेणी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं छोटं ब्यूटी पार्लर आहे. खुर्चीत बसलेल्या बायका असले किस्से रंगवून सांगतात, मी 'हो का' म्हणत कात्री चालवते... आणि त्या गेल्या की हसते.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन मी उत्तर भारताच्या टूरला गेले. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात. मथुरा, वृंदावन, अयोध्या, प्रयाग आणि शेवटी काशी. बसमध्ये सगळी सोलापूर-बार्शीकडचीच माणसं. खरं तर अव्वांना काशी दाखवायचं माझ्या मोठ्या जावेच्या मनात होतं. महानंदा तिचं नाव, मी अक्का म्हणायचे. ती वर्षापूर्वी काविळीनं गेली. दुकान सोडून यांना निघता येईना, म्हणून अव्वांबरोबर मी.

अव्वांना आता फारसं काही आठवत नाही. अक्का गेल्याचं सांगितलं की आक्रोश करायच्या, दुसऱ्या दिवशी विसरायच्या. पुन्हा सांगितलं की पुन्हा नव्यानं रडायच्या. शेवटी घरात ठरलं — सांगायचंच नाही. "महानंदा कुठं हाय?" असं त्यांनी विचारलं की "येईल की आत्ता" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

घरी हे सोपं होतं. टूरवर मात्र बस थांबली की तोच प्रश्न. मथुरेत तोच, शरयूच्या काठावर तोच. त्यात अव्वा हळू चालणार, सगळे आमच्यासाठी खोळंबणार. मागे एकदा पडल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे वेणीसुद्धा दुसऱ्यानं घालायची. पूर्वी ते अक्का करायची. मी... मी त्यांचे केस गोळा करून क्लचरमध्ये कोंबायचे आणि "चला, बस सुटेल" म्हणायचे. काशीला पोचेपर्यंत त्या केसांचा नुसता गुंता झाला होता. दिवसभर परक्या बायकांच्या केसांत हात घालणारी मी!

काशीत दुपारी दर्शनाची रांग लांबलचक होती. अव्वांना एवढं उभं राहवणार नव्हतं. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईची चहाची टपरी होती. तिच्या बाकावर अव्वांना बसवलं, "जरा लक्ष ठेवा" म्हणून तिला हिंदीत सांगितलं आणि मी रांगेत गेले. दर्शन झालं. मग ग्रुपमधल्या बायकांबरोबर साड्यांच्या दुकानात शिरले. तिथे किती वेळ गेला, कळलंच नाही.

परत आले तर अव्वा तिथेच, बाकावर. पण केस विंचरलेले, तेल लावलेलं, घट्ट वेणी घातलेली.

केसांवर फिरलेला हात मला ओळखू येतो, तो माझा धंदाच आहे. अक्का भांग किंचित डावीकडे पाडायची. वेणीचे पहिले तीन-चार पेड आवळून, पुढचे सैल. अगदी तशीच वेणी होती ती.

"अव्वा, वेणी कुणी घातली?"

"महानंदानं की," त्या हसून म्हणाल्या. "मघाशी आली हुती. तुझ्यागत वढत न्हाई ती."

इतक्या दिवसांचा थकवा म्हणा, भीती म्हणा, नाहीतर ते शेवटचं वाक्य लागलं म्हणा... मी सगळ्या ग्रुपसमोर ओरडले, "मेली ती, अव्वा! महानंदा मेली! वर्ष झालं! किती दिवस तेच तेच ऐकायचं मी?"

अव्वांचं हसू तसंच राहिलं क्षणभर. मग म्हणाल्या, "कवा? ...मला कुणी सांगितलं न्हाई की." आणि त्यांनी डाव्या हातानं पदर तोंडात कोंबला.

येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. बार्शीच्या एक मावशी पुढे झाल्या, त्यांनी अव्वांना जवळ घेतलं. मला एवढंच म्हणाल्या, "अगं, जरा तरी..." मला वाटलं, ही गल्ली संपूच नये, मी अशीच चालत कुठेतरी निघून जावं.

तेवढ्यात चहावाली हातात चहाचा मातीचा कुल्हड घेऊन माझ्यापुढे आली. "सुमे आप ही हैं?"

माझं नाव सुमन. नवरा, अव्वा, ग्रुपमधले सगळे सुमनच म्हणतात. सुमे म्हणणारी एकटी अक्का होती.

"वो दीदी कह गई थीं, सुमे आएगी तो थकी होगी, उसको चाय दे देना. बिना अदरक की."

आल्यानं मला पित्त होतं. हे अव्वांना माहीत नाही. नवऱ्यालाही धड लक्षात राहत नाही.

"कैसी थीं वो?" मी कसंबसं विचारलं.

"गाहक बहुत थे, ठीक से देखा नहीं. लंबी-सी थीं. माताजी से आप ही लोगों की बोली में बतिया रही थीं."

मी तो चहा प्यायले. सगळ्यांसमोर, रडत रडत. पलीकडे अव्वाही रडत होत्या आणि त्यांच्याजवळ जायची माझी हिंमत होत नव्हती.

हे म्हणतात, कुणीतरी आपल्याच भागातली बाई भेटली असेल, अव्वांनी तिला काहीबाही सांगितलं असेल. असेलही. पण मग सुमे कुठून आलं? बिनआल्याचा चहा कुठून आला? आणि कुणी परकी बाई असली तर ती घटकाभरात माझ्यापेक्षा जास्त करून गेली. अक्काच असली, तर तिनं माझं ओरडणं ऐकलं असेल का, याचा विचार करवत नाही.

पार्लरमध्ये आता हा किस्सा मीही सांगते. बायका अंगावर काटा आला म्हणतात. पण तिथे सांगताना मी वेणीवरून थेट चहावर येते... मधलं गाळते. ते आज पहिल्यांदाच लिहिलं.