वरमायेचं बोट

१९६३ साली अमरावतीच्या एका कॉलेजला रक्तक्षयावरच्या संशोधनासाठी अनुदान मिळालं. ते सांभाळणारे कारकून म्हणजे आमचे शेजारी देवमन तायडे. पुरेसे नमुने जमले नाहीत तर अनुदान बंद होणार होतं, आणि लोक सुई पाहूनच पळायचे.

अशात प्राचार्यांच्या मुलीचं लग्न आलं. आणायला गेलेली मोटार बिघडून वऱ्हाड बडनेरा स्टेशनवर अडकलं. प्राचार्यांनी संशोधनाची जीप मागितली.

"जीप रक्त देनाऱ्यायसाठीच हाय, साहेब," देवमन हसून म्हणाले आणि नर्सला घेऊन स्टेशनवर गेले.

मुहूर्त जवळ आलेला. नवरदेवानं मुंडावळ्या सावरत बोट पुढे केलं. मग मामानं. तेवढ्यात वरमाय फुगून बसली.

"भेव वाटते का, माय?" देवमननी विचारलं.

"भेव कायचं? माह्या आंधी मामाले टोचलं! मी वरमाय आहो का कोन?"

नर्सनं तिला कुंकू लावून मानानं टोचलं. मांडवात ही बातमी पोचताच मुलीकडचे रुसले, "आमाले कावून नाई?" तिथंही रांग लागली.

अनुदान वाचलं. पण रक्ताचा थेंब घ्यायच्या काचपट्ट्या संपल्या तेव्हा एकटे भटजी राहिले होते, आणि ते काही केल्या मंगलाष्टकं सुरू करेनात.